आठच्या आधी येऊ नये

घरातलं जुनं सामान गॅरेजमध्ये मांडून विकतात त्या सेलच्या जाहिरातीत कुणी 'धूम्रपान न करणारं घर' असं लिहिलं की त्या घरात दोन तरी कुत्री असणार, असं लव्हॉनबाई सांगतात. 'सगळ्या मापांचे कपडे' म्हणजे घरातलं कुणीतरी आजाराने वाळलंय, नाहीतर सुखाने फुगलंय. 'किंमत बोलून ठरवू' म्हणजे वस्तू नवऱ्याची आणि जाहिरात बायकोची. एकाच जाहिरातीत त्याचे गोल्फचे दांडे पाच डॉलरला आणि तिचे लग्नातले ग्लास फुकट, तर घटस्फोटाचे वकील लागलेत. आणि 'आठच्या आधी येऊ नये' असं ठळक लिहिलेलं असेल तर माल चांगला आहे.

"मग सगळे आठच्या आधीच जात असतील," मी एकदा म्हणाले.

"जातात. निर्लज्ज असतात ते. मी आयुष्यात गेले नाही."

लव्हॉनबाईंच्या घराच्या तळघरात मी सहा वर्षं भाड्याने राहते. इकडे सगळे त्यांना नुसतं नावानेच हाक मारतात, पण त्र्याहत्तर वर्षांच्या बाईला तसं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. एकतीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली. उणे तीस तापमानातही बस एकदाही उशिरा सुटली नाही, हे त्या स्वतः सांगत नाहीत. गावातली चाळिशीची माणसं सांगतात, तीही थोडी घाबरूनच. कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना लांबचं चालवायला मनाई आहे. म्हणून मे ते सप्टेंबर दर शुक्रवारी कारखान्यात जाण्याआधी मी त्यांना सेलच्या फेरीवर नेते. शेजारी बसून त्या पायाखाली नसलेला ब्रेक दाबत असतात.

फेरीवर त्या फारसं विकत घेत नाहीत. थांबलो की काहीतरी घ्यायचं, निदान पाव डॉलरचा चमचा तरी, एवढा नेम. त्या माणसं बघतात. गाडी हळू करून खिडकीतूनच टेबलं न्याहाळून पुढे जाणारे, त्यांच्या लेखी गुन्ह्याच्या पहिल्या पायरीवर. मग बशी उचलून आधी तिच्या पाठीवरचा कंपनीचा छाप वाचणारे. मग प्रत्येक वस्तूला "आमच्याकडे होतं अगदी अस्सं" म्हणत काहीच न घेणारे. आणि सर्वांत वाईट म्हणजे लेबल हलवणारे. हे स्वस्त वस्तूवरची किमतीची चिकटपट्टी अंगठ्याने हळूच सोडवून महाग वस्तूवर लावतात.

"त्यांचा अंगठा बघायचा," त्या म्हणतात. "चेहरा नेहमी पाद्र्यासारखाच असतो."

आणखी एक नियम त्यांना कायद्याहून मोठा वाटतो. गॅरेजमध्ये विकायचं नसेल ते एका कोपऱ्यात सारून त्यावर जुनी चादर टाकतात. चादरीखालचं विकायचं नाही, चादरीबाहेरचं विकायचं. त्यात मधलं काही नाही. याच नियमापायी त्यांचा थोरला भाऊ ऑरिन दोन वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हता. आईच्या घरातल्या सामानाचा सेल लव्हॉनबाईंनी मांडला होता. वडिलांनी कोरलेल्या लाकडी मासोळ्यांची पेटी ऑरिनने चादरीखाली ठेवायची होती, ती विसरून त्याने बाहेर ठेवली. लव्हॉनबाईंनी ती चार डॉलरला विकली.

"तुम्हाला माहीत होतं ना ती त्यांना हवी होती?" मी विचारलं होतं.

"चादरीच्या बाहेर होती," त्या म्हणाल्या आणि उठून भांडी घासायला लागल्या. भांडी स्वच्छच होती.

गेल्या सप्टेंबरातल्या एका गुरुवारी, नेहमीप्रमाणे संध्याकाळी साडेसातला, त्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पिवळा मार्कर घेऊन बसल्या होत्या. फुकट वाटलं जाणारं साप्ताहिक वाचून झालं होतं आणि आता टॅब्लेटवरच्या जाहिराती चालल्या होत्या. मी समोर बसून सूप पीत होते. बोलता बोलता त्या थांबल्या.

"हे गिरमीट बघ."

फोटोत, गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला बर्फाला भोक पाडतात ते मोठं गिरमीट होतं. खरं तर अर्धंच, कारण उरलेलं फोटोच्या बाहेर गेलं होतं. दांड्याला लाल पट्टी गुंडाळलेली.

"ती लाल पट्टी माझ्या बाबांनी गुंडाळलीय," त्या म्हणाल्या. "हे ऑरिनचं घर आहे."

मी जाहिरात वाचली. शुक्रवारी आठ ते तीन. बर्फ ओढायची दोन फावडी, छपरावरचा बर्फ काढायचं लांब खोरं, जाड टोपीवाला कोट, लोकरीच्या अस्तराचे बूट, गिरमीट, सुतारकामाची हत्यारं, भांडी. फक्त रोख. आठच्या आधी येऊ नये. खाली चाळीस मैलांवरच्या तळ्याकाठच्या गावाचा पत्ता.

"चांगलंय की. जागा रिकामी करतायत."

"सप्टेंबरात? आठ आठवड्यांत बर्फ पडेल. या महिन्यात माणूस फावडं विकत घेतो. विकत नाही."

"दक्षिणेकडे राहायला जात असतील. ऊन खायला."

"मग 'घर बदलतोय' असं लिहिलं असतं. ते लिहिलं की दुप्पट गिऱ्हाईक येतं, शेंबड्या पोरालाही कळतं. इथे कारणच नाही. आणि फोटो बघ. सगळे तिरके, अर्धे कापलेले. ऑरिन खिळा ठोकताना दोनदा मोजणारा माणूस आहे. हे फोटो ज्याला कशाचंच काही वाटेनासं झालंय त्याने काढलेत."

त्यांनी मार्करचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"आमच्या मागच्या गल्लीत हार्लंड रहायचा. बायको गेली त्या वर्षी त्याने ऑक्टोबरात सेल लावला. मी गेले होते. बुटांचा जोड विकायला काढला होता, जवळजवळ नवा. मी म्हटलं, हार्लंड, हिवाळ्यात घालशील काय? तो हसला. मीही हसले. दोन डॉलरला घेऊन आले ते बूट." त्यांनी मार्कर टेबलावर ठेवला. "त्याने हिवाळा पाहिला नाही. पाहायचा नाही असं ठरवूनच बसला होता."

ऑरिनची बायको जाऊन चार वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. माझं सूप गार झालं.

त्यांनी फोन लावला. भिंतीवरचा, गुंडाळीच्या वायरचा. मी रिंगा मोजल्या. वीस झाल्यावर त्यांनी ठेवला.

"माझा नंबर दिसला की उचलत नाही तो. दोन वर्षं नाही उचलला."

"माझ्या फोनवरून लावू?"

लावला. तोही वाजत राहिला.

"पोलिसांना सांगू या. जाऊन बघून येतील."

"आणि सांगू काय? माझा भाऊ फावडं विकतोय, धावा?"

मी वाटी धुऊन तळघरात उतरले. त्या झोपायला गेल्या, पण वर त्यांच्या पावलांचा आवाज बराच वेळ चालू होता.

पहाटे सहाला आम्ही निघालो. त्या ब्रेक दाबत नव्हत्या, उलट दोनदा म्हणाल्या, "अगं, जरा पाय दे की." मक्याच्या शेतांवर धुकं होतं. मांडीवर कॉफीचा थर्मास धरला होता, त्याचं झाकण त्यांनी उघडलंच नाही.

"तो उघडेल दार," मी म्हणाले.

"तू रस्त्याकडे बघ."

पावणेसातला पोचलो. ऑरिनचं बुटकं पांढरं घर, पडदे ओढलेले, गॅरेजचं दार खाली. रस्त्याच्या कडेला पत्रपेटीखाली वर्तमानपत्राची नळी असते, त्यात तीन दिवसांची वर्तमानपत्रं कोंबलेली होती. मी ती पाहिली. मग कळलं की त्यांनीही पाहिली होती.

गॅरेजसमोर रांग लागलीच होती. पुढे हिरव्या टोपीचा एक माणूस घडीच्या खुर्चीत बसला होता. त्याच्यामागे नुकतंच लग्न झालेलं वाटावं असं एक जोडपं, एकाच पांघरुणात. लव्हॉनबाई काठी टेकत रांग ओलांडून सरळ घराच्या पुढच्या दाराकडे गेल्या. दारावर पुठ्ठा होता आणि त्यावर वीतभर उंचीची अक्षरं: आठच्या आधी येऊ नये. दार वाजवू नये.

त्यांनी हात वर केला.

"बाई, रांग इकडे आहे," हिरवी टोपी म्हणाली.

"तो माझा भाऊ आहे."

"असणारच. गेल्या आठवड्यात तर एक जण मेलेल्या म्हातारीचा भाचा झाला होता. म्हातारी स्वैपाकघरात बसून कॉफी पीत होती."

जोडप्यातली मुलगी हसली. लव्हॉनबाईंचा हात दारापासून चार बोटांवर होता. तो तसाच राहिला, मग खाली आला. त्या पायऱ्या उतरल्या, चालत आल्या आणि जोडप्याच्या मागे उभ्या राहिल्या.

मला खरंच राग आला. "हे काय? वाजवा ना दार! नाहीतर मी वाजवते."

"नको." त्यांनी माझी बाही घट्ट धरली. "पाटी लावलीय त्याने."

"पाटीचं काय घेऊन बसलात?"

त्यांनी आवाज अगदी खाली आणला. "तो आत असेल तर पुन्हा त्याचा शब्द मोडला म्हणून दोन वर्षं धरून बसेल. आणि नसेल..." त्यांनी गॅरेजच्या दाराकडे पाहिलं. "आठपर्यंत तो आहे. कळलं तुला? आठ वाजेपर्यंत तो आहे."

मी त्यांच्याशेजारी उभी राहिले.

एकेक गाडी येत होती. मागे सात-आठ जण झाले. कुणीतरी बर्फाच्या गिरमिटाचा भाव काय असेल त्यावर बोलत होतं. हिरव्या टोपीने कागदातून सॉसेज काढून खाल्लं. मी कान देऊन ऐकत होते. गॅरेजमध्ये टेबल सरकवल्याचा, खोकल्याचा, कशाचाही आवाज येतो का. सेलच्या सकाळी आत किती धावपळ असते हे मी सहा वर्षं बघितलंय. किमती लावायच्या राहिलेल्या असतात, सुट्ट्याचा डबा सापडत नसतो, नवरा-बायको एकमेकांवर खेकसत असतात. इथे काहीच नव्हतं. दाराच्या खालच्या फटीत उजेडही नव्हता.

"सकाळी लवकर मांडून ठेवलं असेल सगळं," मी म्हणाले.

"हो."

"जुन्या माणसांचं असंच असतं."

"तू बोलू नकोस थोडा वेळ."

पावणेआठ. लव्हॉनबाईंचे ओठ हलत होते. मला वाटलं प्रार्थना म्हणतायत. नंतर त्यांनीच सांगितलं, त्या जुन्या बसमार्गावरचे थांबे मोजत होत्या, कोण कुठे चढायचं ते. बर्फात बस घसरली की त्या हेच करायच्या.

आठ वाजले. रांगेतले सगळे उभे राहिले, हिरव्या टोपीने खुर्ची मिटली. दार हललं नाही.

आठ वाजून दोन मिनिटं.

"झोपला वाटतं बाबा," मागून कुणीतरी म्हणालं.

आठ वाजून चार मिनिटांनी लव्हॉनबाई रांगेतून बाहेर पडल्या. काठी टाकून दिली. जोडप्याला बाजूला सारलं, हिरव्या टोपीला खांद्याने ढकललं आणि दोन्ही मुठींनी गॅरेजच्या पत्र्यावर धडाधडा मारायला लागल्या. "ऑरिन! ए ऑरिन!" आवाज पूर्ण गल्लीत घुमला. हिरवी टोपी ओरडली, "ओ बाई, लाज आहे का काही?" त्या थांबल्या नाहीत.

आणि आत मोटर घरघरली.

गॅरेजचं दार खालून वर जातं, माणूस पायापासून दिसायला लागतो. आधी चपला दिसल्या, मोज्यांवर घातलेल्या. मग तपकिरी विजार. मग हातात धरलेला कॉफीचा डबा, सुट्ट्या पैशांचा. दार छातीपर्यंत येईस्तोवर लव्हॉनबाईंचे हात पत्र्याबरोबर वर उचलले गेले होते. काढून घ्यायचं त्यांना सुचलंच नाही.

"माफ करा लोकहो, घड्याळाचा घोळ झाला," ऑरिन म्हणाले. "टेबलावरचं सगळं अर्धा डॉलर. हत्यारांवर लेबलं आहेत. कोपऱ्यात चादरीखालचं विकायचं नाही."

लोक आत घुसले. लव्हॉनबाई जागच्या हलल्या नाहीत. ऑरिन त्यांच्यासमोर, दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांनी बहिणीच्या तोंडाकडे शांतपणे पाहिलं.

"बाई, तुम्ही काही खास शोधताय का?"

मी लव्हॉनबाईंच्या मानेवर लाली चढताना पाहिली. रात्रभराची भीती एका क्षणात संतापात उतरली.

"बाई? मेल्या, चार डॉलरच्या पेटीसाठी दोन वर्षं फोन उचलला नाहीस आणि आता मला बाई म्हणतोस?"

ऑरिनच्या हातातला डबा खुळखुळला. त्यांनी मान एका बाजूला कलती केली, कोंबडी दाणा बघते तशी, आणि भलतीकडेच, झाडाकडे बघितल्यासारखं केलं.

"लव्हॉन?"

"नाहीतर कोण?"

"थांब. हलू नकोस. हं, कान दिसला. आणि ते भयंकर कानातलंही. अजून घालतेस?"

मग लव्हॉनबाईंना समजलं. मला थोडं उशिरा. फोटो, पुठ्ठ्यावरची वीतभर अक्षरं, नळीतली न उघडलेली वर्तमानपत्रं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"वसंतापासून. नजरेच्या मधलं दिसायचं गेलं. कडेकडेचं आहे. माणसांना तोंडं नाहीत आता, नुसत्या कडा आहेत. काही जणांच्या बाबतीत बरंच झालं म्हणायचं."

"आणि फोन?"

"फोनच्या त्या छोट्या खिडकीतला नंबर मला दिसतो होय? रोज चार जण मला गाडीची वॉरंटी विकतात, म्हणून उचलतच नाही. गाडी मी जूनमध्येच विकली."

"फावडी का विकतोस?"

"एक तारखेला तळ्यापलीकडच्या वृद्धांच्या इमारतीत जातोय. तिथे बर्फ दुसरा कुणीतरी काढतो."

"मग 'घर बदलतोय' असं लिहायला काय धाड भरली होती?"

"शेजारणीने लिहिली जाहिरात. म्हणाली, कारण घालू का? मी म्हटलं, कारणाशी कुणाला काय करायचंय."

लव्हॉनबाईंनी तोंडावर हात ठेवला. हात काढला तेव्हा त्या ऑरिनकडे बघत नव्हत्या, त्यांच्या खांद्यावरून आत बघत होत्या.

"ए टोपी! तो रंधा खाली ठेव. त्यावरचं लेबल हातोडीचं आहे."

हिरवी टोपी पाद्र्यासारख्या चेहऱ्याने वळली. "इथे असंच लावलं होतं."

"तुझ्या अंगठ्याला त्याचा डिंक अजून चिकटलाय. वीस डॉलर, नाहीतर ठेव."

त्याने ठेवला. लव्हॉनबाईंनी भावाच्या हातातून डबा काढून घेतला आणि दारातल्या खुर्चीवर बसल्या. त्या दिवशी मी कारखान्यात रजा कळवली.

दुपारी गर्दी ओसरली. मी भांड्यांच्या टेबलाशी कागद गुंडाळत होते, तेव्हा त्यांचं बोलणं ऐकू आलं. ऐकू नये असं होतं, पण गॅरेज ते केवढं.

"ऑरिन, एक विचारते. खरं सांग. मला काल वाटलं, तू हार्लंडसारखा..."

बाहेर एक गाडी हळू झाली, खिडकीतून बघून निघून गेली.

"मे महिन्यात आलं होतं मनात," ऑरिन म्हणाले. "डॉक्टरने सांगितलं त्या आठवड्यात. एकदा नाही, तीन-चारदा. मग बटाटे लावायचे राहिले होते ते लावले. हाताने चाचपडत लावता येतात. मग ते उगवले."

"आणि आता?"

"आता बटाटे काढायचेत. उगाच माझ्याकडे डोळे फाडून बघू नकोस, कडेने दिसतं मला."

लव्हॉनबाई उठल्या. दोरीवर टांगलेला जाड टोपीवाला कोट काढला, कोपऱ्यात नेला आणि चादर उचलून तिच्याखाली सरकवला.

"काय ठेवलंस तिथे?"

"काही नाही."

"कोट ठेवलास."

"ठेवला."

"त्या इमारतीत आतून आतून जेवणघरापर्यंत जाता येतं. कोट कशाला?"

"चादरीखाली आहे," लव्हॉनबाई म्हणाल्या. "आता विकता येत नाही."

ऑरिन हसले की खोकले ते मला सांगता येणार नाही. लोकरीचे बूट तेवढे दोरीखाली राहिले होते. तेही त्यांनी नेले.

फावडी त्या नव्या जोडप्याने घेतली. मासोळ्यांच्या पेटीविषयी कुणी चकार शब्द काढला नाही. निघताना लव्हॉनबाईंनी नळीतली वर्तमानपत्रं काढून ऑरिनच्या टेबलावर ठेवली, मग काय वाटलं कुणास ठाऊक, पुन्हा उचलून स्वतःच्या पिशवीत टाकली.

"गुरुवारी साडेसातला फोन वाजेल," त्या म्हणाल्या. "तेव्हा वॉरंटीवाला नसेल. मी असेन. जाहिराती वाचून दाखवीन."

"मला आता काय विकत घ्यायचंय?"

"मला तरी कुठे घ्यायचं असतं?"

पुढच्या गुरुवारी सूप गॅसवर होतं. साडेसातला त्यांनी भिंतीवरच्या फोनवरून नंबर फिरवला. टॅब्लेट समोर, मार्कर कानावर. मी रिंगा मोजायचं नाही असं ठरवलं होतं, तरी मोजल्या. चार. सहा. लव्हॉनबाई वायर बोटाला गुंडाळत होत्या, बोटाचं टोक पांढरं पडलं. नऊ. त्यांचे ओठ हलायला लागले, बसचे थांबे. अकरा.

पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला, मग चाचपडल्याचा.

"अगं, येतोय, येतोय," ऑरिन म्हणाले. "खुर्ची कुणी मध्ये ठेवली होती कोण जाणे. हं, वाच. कोण काय विकतंय?"

लव्हॉनबाईंनी बोटाची वायर सोडवली आणि चष्मा वर सरकवला.

"धूम्रपान न करणारं घर," त्यांनी वाचलं.

"कुत्री," ऑरिन म्हणाले. "दोन तरी."